तेव्हा ८६ चाललं, मग आता ४.२ पुढे लाल बाण का?

पत्र

डॉक्टरसाहेब, नमस्कार. चोपडा तालुक्यातून लिहिते. आमची केळी आहे, थोडा कापूस. यांचं वय ४७. गेल्या श्रावणात यांना न्यूमोनिया झाला, सहा दिवस ॲडमिट होते. तेव्हा सीआरपी ८६ आला होता. मी घाबरले तर तिथले डॉक्टर म्हणाले, उतरेल आपोआप. उतरलाही. आता गावात तपासणीचं शिबिर आलं होतं, फुल बॉडी चेकअपचं पॅकेज. त्यात एचएस-सीआरपी ४.२ आला, पुढे लाल बाण, आणि खाली छापलंय 'हृदयविकाराचा धोका जास्त'. मग ८६ चालतं आणि ४.२ चालत नाही, हे कसं? माझे जेठ, म्हणजे यांचे सख्खे मोठे भाऊ, त्यांना ४९ व्या वर्षी अटॅक येऊन स्टेंट टाकावी लागली, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं म्हणे. त्यामुळे घरात सगळे हादरलेत. एक जण म्हणतो अँजिओग्राफी करून टाका. मेडिकलवाला म्हणतो रक्त पातळ व्हायची गोळी सुरू करा. नणंद रोज हळदीच्या कॅप्सूलचे व्हिडिओ पाठवते. हे मात्र एकच म्हणतात, 'माले काहीच व्हयेल नही.' मला रात्रभर झोप नाही, आणि हे शेजारी निवांत घोरत पडतात. बाकी तब्येत ठणठणीत आहे. महिनाभर एक दाढ ठणकतेय फक्त, लवंग धरून भागवतात. रिपोर्टचा फोटो जोडलाय. काय करू? आणि वरण-बट्टी बंद करू का?

उत्तर

ताई, तुमच्या केळीच्या बागेत राखणीला कुत्रं असेलच. त्याच्यावरूनच सांगतो.

सातपुड्यातून बिबट्या खाली उतरला की ते कुत्रं सारं शिवार डोक्यावर घेतं. शेजारच्या मळ्यातलेही उठून बसतात. सीआरपी म्हणजे शरीरात जंतू किंवा सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रोटीन. न्यूमोनियातलं ८६ म्हणजे ते भुंकणं. कारण समोर उभं होतं, औषध चालू होतं, बिबट्या गेला की कुत्रं गप्प बसणार हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणून ते निर्धास्त होते, आणि बरोबरच होते. पण तेच कुत्रं एखाद्या रात्री भुंकत नाही, नुसतं घशातल्या घशात गुरगुरत राहतं. आजही, उद्याही, महिन्यानंतरही. ते ऐकायला कान लावावा लागतो. रिपोर्टवर सीआरपीच्या आधी जी 'एचएस' अक्षरं आहेत ती म्हणजे 'हाय सेन्सिटिव्हिटी', कान लावून ऐकणारी तपासणी. प्रोटीन तेच, फक्त मोजायची पट्टी बारीक.

हे प्रोटीन सापडलंसुद्धा तुमच्या मालकांना झाला त्याच आजारात. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगात एक साखरेसारखा पदार्थ असतो, त्याला त्यांनी 'सी' म्हटलं होतं. आजारी माणसाच्या रक्तातलं काहीतरी या 'सी'ला जाऊन चिकटतं आणि गढूळपणा येतो, आणि माणूस बरा झाला की ते काहीतरी गायब होतं, असं त्यांना दिसलं. तेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. तुमच्या रिपोर्टवरचा 'सी' तिथून आलाय, त्याचा कॅन्सरशी किंवा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही. (हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की न विचारता सांगून टाकतो.)

ते तयार होतं लिव्हरमध्ये. शरीरात कुठंही जखम, जंतू, सूज असली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, निरोप लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. सहा-आठ तासांत पातळी चढू लागते, दोन दिवसांत कळस गाठते, आणि गंभीर आजारात हजारपटीपर्यंतही जाते. उतरतेही झपाट्यानं, कारण रक्तात असलेल्या सीआरपीपैकी निम्मा सुमारे १९ तासांत संपतो. म्हणून तुमचं ८६ औषध लागू पडताच कोसळलं.

आता याचा हृदयाशी संबंध काय?

रक्तवाहिनी म्हणजे ठिबकची नळी आणि कोलेस्टेरॉल म्हणजे तिच्यात साचलेला क्षार, असं चित्र आपल्या बहुतेकांच्या डोक्यात असतं. आम्ही डॉक्टरांनीच ते घालून दिलंय. पण ते अर्धवट आहे. कोलेस्टेरॉल नळीच्या आत साचत नाही, ते नळीच्या भिंतीत शिरतं. भिंतीत शिरलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शरीराला उपरं वाटतं, त्याला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथंच मरतात, आणि त्यांना साफ करायला आणखी पेशी येतात. भिंतीत एक गळूच तयार होतं म्हणा. त्यावर शरीर एक पापुद्रा धरतं. पापुद्रा जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं त्या गाठीसकट जगतो, केळीचे घड वाहतो, त्याला पत्ताही नसतो. पण आत धुमसत राहिलं तर तिथल्याच पेशी पापुद्रा कुरतडून पातळ करतात. एक दिवस तो फाटतो, आतला मसाला रक्ताला लागतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. तो अटॅक. बऱ्याचदा ज्या गाठीनं घात केला ती अटॅकच्या आदल्या दिवशी वाहिनीचा अर्धा रस्तासुद्धा अडवत नसते.

जेठांचं कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असून अटॅक कसा आला, याचा अर्धा खुलासा इथं आहे. उरलेला अर्धा पुढे रिपोर्टाच्या गोष्टीत येईल.

गुरगुरणं आधी ऐकू येतं का, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं पॉल रिडकर या अमेरिकन डॉक्टरांनी, १९९७ मध्ये. धडधाकट पुरुष डॉक्टरांचं रक्त त्यांनी वर्षानुवर्षं गोठवून ठेवलं होतं. नंतर ज्यांना अटॅक आला त्यांच्या जुन्या रक्तात पाहिलं, तर ज्यांचा सीआरपी सगळ्यांत वरच्या चौथाईत होता त्यांना, सगळ्यांत खालच्या चौथाईतल्यांच्या तुलनेत, अटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट होता. ते पुरुषांचं झालं. २०२४ साली त्यांच्याच गटानं सुमारे २८ हजार अमेरिकन स्त्रियांचा तीस वर्षांचा हिशेब मांडला, आणि त्यातही एकदाच मोजलेल्या सीआरपीनं पुढच्या तीस वर्षांचा अंदाज दिला, एलडीएलपेक्षा थोडा जास्तच. हे तुमच्यासाठीही सांगतो, कारण आपल्याकडे बायको नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन फिरते आणि स्वतःचं बीपी शेवटचं बाळंतपणात मोजलेलं असतं.

पण कुत्रं गुरगुरतं म्हणून कुत्रंच चोर आहे का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी खरोखरच विचारला, आणि उत्तर फार सुंदर रीतीनं शोधलं. काही माणसांत जन्मापासूनच जीनमधल्या छोट्या फरकामुळे सीआरपी आयुष्यभर जरा जास्त असतो. सीआरपी स्वतः वाहिन्या खराब करत असेल तर या लोकांना अटॅक जास्त यायला हवेत. २००९ आणि २०११ मध्ये मोठमोठ्या गटांवर हे तपासलं. अटॅक जास्त नव्हते. म्हणजे सीआरपी निर्दोष आहे, तो फक्त ओरडतो. मात्र त्याच्या मागची जी साखळी आहे, इंटरल्यूकिनवाली, ती निर्दोष नाही. २०१७ मध्ये कँटॉस नावाच्या अभ्यासात, आधी अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ च्या वर असलेल्या दहा हजार लोकांना त्या साखळीची वरची कडी तोडणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन देऊन पाहिलं. कोलेस्टेरॉलला हातही न लावता पुन्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. धुमसण्यानं खरंच नुकसान होतं, याचा तो पुरावा. पण जंतुसंसर्गानं दगावणारे थोडे वाढले, आणि औषध भयंकर महाग. हृदयासाठी ते काही वापरात आलं नाही.

तेव्हा ताई, ४.२ हा आकडा खाली आणायचं औषध शोधू नका. कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधून चोरी थांबत नाही.

आधी हे तरी बघू की ते कुत्रं नेमकं कशावर गुरगुरतंय. शिबिरवाल्यांनी ४.२ पुढे लाल बाण काढला, पण एक गोष्ट विचारली नाही आणि ती तुम्ही मला जाता जाता एका ओळीत सांगून टाकलीत: दाढ. महिनाभर ठणकणारी दाढ म्हणजे हाडाला लागून पू असू शकतो. तेवढ्यानं सीआरपी सहज वर जातो. हिरड्या सुजून रक्त येणं, पायाची भेग पिकणं, सर्दी-खोकला, कोयत्याचा घाव, इतकंच काय आदल्या दिवशीची लसही पुरते. म्हणून नियम असा आहे की हृदयासाठी एचएस-सीआरपी बघायचा तो माणूस पूर्ण बरा असताना, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, आणि दोन्हींची सरासरी धरायची. १ च्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी आजार शोधायचा आणि तो बरा झाल्यावर पुन्हा मोजायचं. सारी मापं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथं आकडा दहापट लहान दिसतो. दुसऱ्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये गेलात आणि ०.४ आला तर पेढे वाटू नका, आधी एकक वाचा. उपाशीपोटी जायची गरज नाही.

तर पहिलं काम दाताच्या डॉक्टरकडे. हिरड्यांचे उपचार केल्यानं सीआरपी थोडा उतरतो हे दिसलंय, अटॅक टळतात असं अजून सिद्ध नाही. पण दाढेवर इलाज करायला हृदयाचं कारण कशाला हवं? दाढ बरी झाली की तीन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा मोजा.

समजा तेव्हा आकडा दीडवर आला. तरी माझं समाधान होणार नाही, आणि ते का, हे सांगायला त्या फोटोकडे वळतो. तुम्ही लाल बाण पाहिलात, मी काळ्या शाईतले आकडे पाहत होतो.

एकूण कोलेस्टेरॉल १९८. दोनशेच्या आत, म्हणून काळ्या शाईत, म्हणून 'नॉर्मल'. पण त्यातलं चांगलं, म्हणजे एचडीएल, अवघं ३४. पुरुषाला ४० तरी हवं. १९८ मधून ३४ वजा करा: १६४. हे सगळं वाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारं कोलेस्टेरॉल, ते १३० च्या आत असावं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, २२०, तीही जास्तच. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, एचबीएवनसी, ६.१. हा अजून डायबेटिस नाही, पण ५.७ ते ६.४ या पट्ट्यातला माणूस डायबेटिसच्या वेशीत उभा असतो. शिबिरातलं बीपी १४२/९०. सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक. हे सगळे चोर आहेत ताई, आणि एकाच्याही पुढे बाण नाही. एकेकटा आकडा जेमतेम रेषेवर आहे, म्हणून कुणी दचकत नाही. एकत्र आले की तेच टोळीनं येतात.

जेठांचं 'नॉर्मल' कोलेस्टेरॉलही बहुधा असंच १९८ वालं असेल. शिवाय अटॅकनंतर दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त काढलं असेल तर एलडीएल तसंही खाली घसरलेलं असतं. तेव्हाचा कागद पाहून 'कोलेस्टेरॉल नव्हतंच' असं म्हणू नये.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. रिपोर्ट पलंगावर ठेवून फोटो काढलाय, आणि डाव्या कोपऱ्यात तंबाखूची पुडी अर्धी आलीय. चुन्याची डबीही. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात तंबाखूचा एक शब्द नाही. मला वाटतं लपवायचा हेतू नव्हता. आपल्याकडे तंबाखू हे व्यसनात धरतच नाहीत, चहासारखं धरतात. तंबाखू खाल्ली तर तोंडाला होतं, हृदयाला फक्त बिडी-सिगारेट, असा पक्का समज आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. त्याच अभ्यासात आपल्या भागातल्या, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक इतर जगाच्या मानानं पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही दिसलं होतं. माझ्या यादीत दाढेच्याही आधी ही पुडी आहे, पण दाढ दुखते म्हणून ती आधी जाईल, पुडी दुखत नाही. एकदम जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तिथं तंबाखू सोडण्यासाठी फोनवर बोलून मदत करतात. आणि दाताचा डॉक्टर दाढ काढताना सांगेलच, तेव्हाच सुरुवात करा, तोंडात जखम असताना आठ दिवस तशीही पुडी धरवत नाही. हा मुहूर्त चुकवू नका.

दुसरा चोर पोटावर बसलेला असतो. शिवणाच्या टेपनं मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली घालतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. पोटातली चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते, आणि लिव्हर मुकाट्यानं सीआरपी बनवत राहतं. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांचा सीआरपी तिथल्या गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला तेव्हा त्याचं कारण बरंचसं पोटाच्या घेरात सापडलं. वजन उतरलं की सीआरपी उतरतो. 'शेतात राबतो की' हे उत्तर मला येणार हे माहीत आहे. पण ठिबक आलं, मोटारसायकल बांधापर्यंत जाते, घड वाहायला मजूर आहेत. बागायतदाराचं राबणं आता बरंचसं फोनवर असतं, रागावू नका. रोज अर्धा-पाऊण तास, श्वास लागेल पण बोलता येईल अशा चालीनं चालायचं. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात सूर्य उगवायच्या आत.

आणि ते घोरणं. तुम्ही तशाही जाग्या असता, तर एक काम करा. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो का, आठ-दहा सेकंद श्वासच नाही, मग दचकून हुंदका घेतल्यासारखा श्वास, असं होतं का ते बघा. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड केलंत तर उत्तम. तसं असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. रात्रभर शरीराला ऑक्सिजन कमी पडतो, बीपी चढं राहतं. डॉक्टरांना ते रेकॉर्डिंग ऐकवा.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले.

अँजिओग्राफी करायची नाही. चालताना, चढताना छातीत दडपण येतं का, धाप लागते का? नसेल तर नुसत्या सीआरपीसाठी हातातून नळी घालून वाहिन्या बघण्यात अर्थ नाही. मघाशी सांगितलं, घात करणारी गाठ बऱ्याचदा रस्ता अडवतच नाही, मग तपासणी 'क्लीन' येते आणि माणूस पुडी पुन्हा उघडतो.

रक्त पातळ करायची गोळी म्हणजे ॲस्पिरिन. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याला जुना आधार आहे. १९९७ च्या त्या अभ्यासात सीआरपी जास्त असलेल्यांना ॲस्पिरिनचा फायदा जास्त दिसला होता. पण २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास एकापाठोपाठ आले, आणि ज्यांना अजून अटॅक आलेला नाही त्यांच्यात फायदा होतो नगण्य, आणि पोटात-मेंदूत रक्तस्राव होतो जास्त, असं निघालं. जेठांची गोळी वेगळी, त्यांना स्टेंट आहे, त्यांनी ती एक दिवसही चुकवायची नाही. एकाच घरातली गोळी दोघांना लागू नाही. आणि दाढ काढायची असताना आपल्या मनानं ॲस्पिरिन सुरू करणं म्हणजे दातवाल्याची परीक्षा बघणं.

हळद भाजीत, दुधात, हवी तितकी. कॅप्सूल नको. त्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं शोषलं जातं, आणि ते घेऊन कुणाचे अटॅक टळले असा एकही भरवशाचा अभ्यास नाही. ते शोषलं जावं म्हणून हल्ली त्यात मिरीचा अर्क घालतात, तेव्हा काही लोकांच्या लिव्हरला सूज आल्याचं आढळलंय. नणंदेला सांगा, व्हिडिओ पाठवण्याऐवजी भावाच्या खिशातली पुडी काढून घे.

व्हिडिओंत एक नाव पुढे येईल म्हणून आधीच सांगतो: कोल्चिसिन. गाऊट या सांधे सुजण्याच्या आजाराची जुनी गोळी. हृदयाच्या रोग्यांत सूज कमी करायला ती वापरून पाहिली, २०१९ आणि २०२० च्या अभ्यासांत चांगला फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. वाद चालू आहे, आणि तो आधीच हृदयविकार असलेल्यांपुरता आहे. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी असते ना, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, आणि तो कंद जीवघेणा विषारी आहे. कुणी 'नैसर्गिक' म्हणून दिला तर हात लावू नका.

मग औषध काही नाहीच? असू शकतं, आणि ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात १७,८०२ माणसं होती, एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा जास्त. रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या, इतक्या की अभ्यास सुमारे दोन वर्षांतच थांबवला. त्यात पुरुष पन्नाशीच्या पुढचे होते, आणि मूळ धोकाच कमी असल्यानं प्रत्यक्ष वाचलेली माणसं शेकड्यात थोडी. तुमच्या मालकांच्या बाबतीत मात्र सीआरपी बाजूला ठेवला तरी भावाचा इतिहास, ३४ एचडीएल, बीपी, साखर, तंबाखू मिळून स्टॅटिनचा विचार करावा असं पारडं झुकतं. हा निर्णय एमडी फिजिशियननं समोर बसवून, बीपी स्वतः मोजून घ्यायचा, माझ्यासारख्यानं फोटो बघून नाही. जाताना आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसून मोजलेलं बीपी लिहून न्या, शिबिरातल्या गर्दीत ते तसंही चढतं. आणि लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, याची तपासणी एकदा करायची का ते विचारा. ते आईबापाकडून येतं, आयुष्यात एकदाच मोजलं तरी पुरतं, आणि तरुणपणी अटॅक येणाऱ्या घरांत बरेचदा जास्त सापडतं. जास्त निघालं तर जेठांच्या आणि तुमच्या मुलांनाही सांगावं लागेल.

सीआरपी सगळ्यांचा मोजावा का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. २०१८ च्या अमेरिकन नियमावलीत २ किंवा जास्त सीआरपी ही 'धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट' एवढ्यावरच ठेवली होती. मलाही तो तिथंच बरा वाटतो. तराजू जवळपास समतोल असेल, गोळी द्यावी की नाही अशी घालमेल असेल, तेव्हा ते वजन टाकून बघावं. पॅकेजमध्ये घालून गावभर वाटण्याची ती गोष्ट नव्हे. तुमची झोप त्या बाणानं घालवली आणि १४२/९० कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक गोष्ट मात्र आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मुलांनासुद्धा. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, असं काही झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर सोडा पाजत, ओवा चावत 'गॅस झाला' म्हणून बसायचं नाही. १०८ ला फोन. मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही, आणि ज्याला होतंय त्यानं स्वतः तर गाडी चालवायचीच नाही. गाव ते चोपडा, चोपड्याहून तापी ओलांडून जळगाव, यात वेळ जातोच. म्हणून जिथं ईसीजी लगेच निघेल आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, हे आत्ताच विचारून फोनमध्ये नंबर घालून ठेवा. मालक तेव्हाही 'माले काहीच व्हयेल नही' असंच म्हणतील. तेव्हा ऐकायचं नाही.

राहिली बट्टी. बंद करू नका, बंद केलेली गोष्ट माणूस दुसऱ्याच्या लग्नात दुप्पट खातो. पण पाच नको, दोन. तळलेली नको, गोवऱ्यांवर भाजलेली, आणि तूप वाटीत न घेता चमच्यानं वरून. सोबत घोटलेली वांग्याची भाजी भरपूर घ्या, तिच्यात तेलाचा हात आखडता. शेवभाजीची तर्री आणि पापड-लोणचं बीपीला जास्त नडतं, तो मोर्चा आधी तिकडे वळवा. रोजच्याला कळण्याची भाकरी आहेच. आणि बट्टीच्या दिवशी संध्याकाळी दोघांनी बांधापर्यंत चालत जायचं, मोटारसायकल घरी.